मिकमाक लोक नुसत्या साथींनी कमी झाले नाहीत

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड हा सगळा पट्टा मिकमाक या आदिवासी लोकांचा मूळ मुलुख. पियेर बियार हा फ्रेंच जेझुइट पाद्री १६११ला तिथे पोचला आणि त्याने अंदाज बांधला की हे लोक साधारण ३०००-३५०० असतील. हाच मूळ आकडा धरायचा का? माझ्या मते अजिबात नाही, कारण त्याच्या आधी जवळपास शंभर वर्षं युरोपातले मच्छीमार या किनाऱ्यावर येत होते, आणि फ्रेंच आल्यापासून आमची माणसं मरतायत अशी तिथल्या लोकांची तक्रार खुद्द बियारनेच लिहून ठेवलीय. काही अभ्यासक तर मूळ संख्या याच्या दहापट धरतात, त्यावर वाद आहेत.

प्रतिकारशक्ती नव्हती म्हणून मेले, असं आपण पटकन म्हणतो. ते खरंय, पण अर्धंच. हे लोक उन्हाळ्यात किनाऱ्यावर मासे, ईल (सापासारखा लांब मासा), शिंपले खायचे आणि हिवाळ्यात आत जंगलात मूस या मोठ्या हरणाची शिकार करायचे. फरचा व्यापार सुरू झाला तसा वेळ फरसाठी मारल्या जाणाऱ्या बीव्हर या प्राण्यामागे जायला लागला आणि पोटात जहाजावरची बिस्किटं, वाळलेले वाटाणे. अशा शरीरावर साथ आली की ती जास्तच भारी पडते. १७४६ला द्यूक द'आन्विलचा फ्रेंच आरमारी ताफा आजारी खलाशी घेऊन आत्ताच्या हॅलिफॅक्सच्या बंदरात आला, आजार मिकमाकांमध्ये पसरला आणि प्रचंड माणसं गेली. तीनच वर्षांनी ब्रिटिशांनी तिथेच हॅलिफॅक्स वसवलं, नोव्हा स्कोशियाचा गव्हर्नर एडवर्ड कॉर्नवॉलिसने मिकमाकांच्या डोक्याच्या कातड्यावर दहा गिनी इनाम लावलं.

आणि जमीन? १७६०-६१च्या तहांमध्ये मिकमाकांनी जमीन दिलेलीच नाही, ते शांतता-मैत्रीचे तह होते. तरी १७६७ला लंडनमध्ये बसून प्रिन्स एडवर्ड आयलंडचे ६७ तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटले, म्हणजे कमालच! १७८३नंतर अमेरिकेतून सुमारे ३० हजार लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटिश राजाशी निष्ठावान राहिलेले लोक, आले, त्यांना किनारा आणि नदीकाठ मिळाला, म्हणजे मिकमाकांचं स्वयंपाकघरच गेलं म्हणा ना. उरल्या त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या, बऱ्याचदा नापीक जमिनी, म्हणजे रिझर्व्ह. १८४०च्या दशकात नोव्हा स्कोशियात जेमतेम तेराशे-चौदाशे मिकमाक उरले होते, आणि हे असंच चाललं तर चाळीस वर्षांत ही जमात संपेल असं सरकारी कमिशनर जोसेफ हाऊनेच लिहिलं.

संपले नाहीत. १९९९ला त्याच १७६०-६१च्या तहांवरून डोनाल्ड मार्शल ज्युनियर हा मिकमाक माणूस कॅनडाच्या सुप्रीम कोर्टात केस जिंकला, मुद्दा होता ईल पकडून विकण्याचा हक्क.