धण्यात दडलेलं लॅव्हेंडर

धणे भाजायच्या आधी चारदोन दाणे खलबत्त्यात ठेचून पाहा. भाजल्यावरच्या खमंग वासाहून निराळा, थोडा फुलासारखा गंध येतो. त्यात मोठा वाटा लिनलूल या द्रव्याचा. लॅव्हेंडरच्या सुगंधातही हेच लिनलूल असतं, जोडीला लिनलिल ॲसिटेट. आणि लॅव्हेंडर आहेच मुळी तुळशीच्या कुळातलं, त्यामुळे आपल्याला ते तितकंसं परकं नाही. त्याच्याच प्रजातीतली घोडेघुई तर सह्याद्रीच्या परिसरात आपसूक उगवते.

पुण्यात मात्र रोपवाटिकेतून हौसेनं आणलेलं लॅव्हेंडर जुलैत हमखास मान टाकतं. माझ्या गच्चीवरची दोन रोपं अशीच गेली. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचं हे झुडूप. मुळाशी पाणी साचलं की कुजतं. तिसऱ्या रोपाला निम्मी माती, निम्मी जाड वाळू दिली आणि पावसाळाभर पत्र्याच्या शेडखाली उजेडात ठेवलं. ते जगलं. जम्मूतल्या भदरवाहच्या थंड हवेत मात्र शेतकरी मक्याऐवजी लॅव्हेंडर लावतात. त्याला तिकडे 'जांभळी क्रांती' म्हणतात.

फुलाच्या बुडाशी निळसर कोष असतो. त्यावर भिंग धरलं की दाट लव दिसते आणि लवेच्या आड बारीक चमकते ठिपके. या तेलाच्या ग्रंथी. फूल वाळलं तरी तेल त्यांच्यात टिकून राहतं. म्हणून सुती पुरचुंडीत बांधलेली वाळकी फुलं कपाटात ठेवावीत आणि वास मंदावला की मुठीत चुरडावीत. उरलेल्या ग्रंथी फुटतात. लोकरी कपड्यांना कसर लागू नये म्हणून युरोपात ही जुनी रीत आहे. डांबरगोळ्यांचा उग्र वास मला सोसत नाही, त्यामुळे शालींमध्ये मी हीच पुरचुंडी ठेवते.

लॅव्हेंडरच्या वासानं मन शांत होतं म्हणतात, हे खरं का? जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांचा 2018 सालचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. उंदरांना लिनलूलचा नुसता वास दिला, तर त्यांची भीती कमी झाली, पण चालताना तोल गेला नाही. ज्यांची वास घेण्याची शक्ती नाहीशी केली होती, त्यांच्यावर काहीच परिणाम दिसला नाही. म्हणजे इथे काम नाकातून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशानं झालं. माणसांवरचे अभ्यास लहान आणि संमिश्र आहेत. रात्री रुमालावर लॅव्हेंडर तेलाचे एक-दोन थेंब टाकून उशाशी ठेवायला हरकत नाही. झोपेची किंवा चिंतेची औषधं चालू असतील तर ती याच्या भरवशावर बंद करू नयेत.

तेल घेताना लेबलवर लॅव्हँड्युला अँगुस्टिफोलिया हे शास्त्रीय नाव आहे का ते बघावं. फरशी पुसायच्या द्रावणातला 'लॅव्हेंडर' बहुतेकदा कृत्रिम सुगंध असतो. तेल खोबरेल तेलात मिसळल्याशिवाय त्वचेला लावू नये, पिऊ तर मुळीच नये. घरात मांजर असेल तर बाटली बंद कपाटात ठेवावी. तिच्या यकृताला ही द्रव्यं नीट पचवता येत नाहीत. हवेशी संयोग होऊन लिनलूलपासून त्वचेला खाज आणणारी द्रव्यं तयार होतात, म्हणून मी बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवते आणि झाकण घट्ट लावून ती थंड, अंधाऱ्या जागी ठेवते.