सर्व्हरची बूट डिस्क आणि फाइल सिस्टीम

सर्व्हर चालू केल्यावर ज्या डिस्कवरून सुरुवातीचा प्रोग्रॅम वाचला जातो ती बूट डिस्क, आणि डिस्कवरच्या नुसत्या ब्लॉकांना फायली-फोल्डरांचं रूप देते ती फाइल सिस्टीम. गोष्टी दोन आहेत, पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सर्व्हर उठला नाही की दोन्हीला मिळून एकच निदान होतं, 'डिस्क गेली'. बऱ्याचदा ती गेलेली नसते, आणि खरं नुकसान होतं ते नंतर कुणीतरी फॉरमॅट मारल्यामुळं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातला मशीन शॉप असो नाहीतर तालुक्याच्या गावातली सोसायटी, इथला सर्व्हर म्हणजे बहुतेकदा अकाउंटंटच्या टेबलाखालचा टॉवर, शेजारी इन्व्हर्टर आणि वर उदबत्तीचा स्टँड. बिघडला की फोन येतो. "मशीन चालूच हुईना झालंय." स्क्रीनवर काय दिसतंय विचारलं तर "काळं आहे सगळं, इंग्लिशमधी कायतरी लिवलंय". अहो अण्णा, तेच तर वाचून दाखवायचं असतं.

कारण बूट होणं ही साखळी आहे आणि ती कुठं तुटली हे त्या काळ्या स्क्रीनवरच लिहिलेलं असतं. आधी मदरबोर्डचं फर्मवेअर (बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम, जुना बायोस किंवा नवा यूईएफआय) डिस्क शोधतं, मग येतो बूटलोडर, सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम (लिनक्सवर सहसा ग्रब), तो कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा आणि इनिटरॅमएफएस म्हणजे सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचं गाठोडं मेमरीत आणतो, कर्नल रूट म्हणजे मुख्य फाइल सिस्टीम माउंट करतो (वापरासाठी जोडून घेतो) आणि शेवटी एफएसटॅब फाइल (कुठली डिस्क कुठं जोडायची याची यादी) वाचून बाकीची पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे भाग, जोडले जातात. 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं तर केबल, बूट ऑर्डर, आणि मदरबोर्डवरचा 2032 नंबरचा सेल बघायचा, तो संपला की काही मशिनांची सेटिंग मूळपदावर जाते आणि यूईएफआयवरचं मशीन जुन्या बायोस पद्धतीनं डिस्क शोधत बसतं. 'ग्रब रेस्क्यू' आलं म्हणजे डिस्क सापडली, ग्रबचा पहिला तुकडाही चालला, पण त्याच्या पुढच्या फायली सापडल्या नाहीत. रूट माउंट होत नाही म्हणून कर्नल पॅनिक झाला (पुढं जाता येईना म्हणून थांबला) आणि डिस्क नुकतीच दुसऱ्या मशिनात किंवा दुसऱ्या रेड कार्डाला (अनेक डिस्का एकत्र चालवणारं कार्ड) जोडली असेल, तर इनिटरॅमएफएसमध्ये त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसण्याचा संशय आधी घ्यावा. रेड हॅट या लिनक्सच्या घराण्यातल्या सिस्टीमवर बूट मेनूत खाली 'रेस्क्यू' नावाची ओळ असते, तिच्यात जास्तीचे ड्रायव्हर भरलेले असतात, ती निवडून बरेचदा मशीन उठतं आणि मग शांतपणे इनिटरॅमएफएस नवीन करता येतो.

डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद ठेवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत सगळा कारभार डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांत आहे: 446 बाइट बूट कोड, 64 बाइट पार्टिशन टेबल, 2 बाइट सही. म्हणून मुख्य पार्टिशनं फक्त चार आणि 512 बाइटांचे सेक्टर असतील तर हद्द 2 टीबी. त्याच्या पुढं जीपीटी ही नवी पद्धत लागते. जीपीटीची एक प्रत डिस्कच्या शेवटीही असते, त्यामुळं सुरुवात खराब झाली तरी टेबल परत आणता येतं.

इमर्जन्सी मोड (बूट अर्धवट सोडून सिस्टीम दुरुस्तीसाठी थांबते) हे प्रकरण मात्र वेगळं, आणि इथं सगळ्यात जास्त भेटणारं. बॅकअपसाठी लावलेली यूएसबी डिस्क एफएसटॅबमध्ये लिहिलेली असते, कुणीतरी ती घरी नेतो, रात्री लाईट जाऊन येते, आणि सिस्टीम त्या डिस्कची 90 सेकंद वाट बघून रूट म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचा पासवर्ड मागत थांबते. सर्व्हर ठणठणीत असतो. त्या ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढं जा) लिहिलं असतं तर काहीच झालं नसतं. मी स्वतः हा घोळ केलाय, आणि ती एक ओळ दुरुस्त करायला पावसातनं गाडी मारत गेलोय. एसडीए, एसडीबी असली डिस्कांची नावंही तिथं लिहू नयेत, डिस्क वाढली-कमी झाली की ती बदलतात, यूयूआयडी (फाइल सिस्टीमचा स्वतःचा ओळख नंबर) लिहावा.

लाईट गेल्याचा दुसरा परिणाम फाइल सिस्टीमवर. मे महिन्यातला वळीव आला की यूपीएसची जुनी बॅटरी दोन मिनिटंही धरत नाही. लिनक्सच्या नेहमीच्या दोन फाइल सिस्टीम, ईएक्सटी4 (लिनक्समध्ये 2008 पासून स्थिर) आणि एक्सएफएस (मूळ सिलिकॉन ग्राफिक्सची, रेड हॅट एंटरप्रायझ लिनक्स 7 पासून तिथली डिफॉल्ट), दोन्ही जर्नल म्हणजे चालू बदलांची नोंदवही ठेवतात, त्यामुळं मशीन उठताना अर्धवट कामं निस्तरली जातात. पण जर्नल सहसा रचनेचं असतं, फायलीतल्या मजकुराचं नाही, म्हणजे फाइल सिस्टीम शाबूत आणि शेवटची दोन व्हाउचरं गायब, हे होऊ शकतं. एफएसचेक (फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) चालवायचं ते माउंट नसलेल्या पार्टिशनवरच, चालू पार्टिशनवर चालवलं तर जे धड आहे तेही मोडतं. ईएक्सटी4 चा सुपरब्लॉक (फाइल सिस्टीमची मूळ माहिती असलेला ब्लॉक) गेला तर घाबरू नये, 4 केबी ब्लॉक असतील तर एक प्रत सहसा 32768 नंबरच्या ब्लॉकवर असते, ती देऊन दुरुस्ती होते. एक्सएफएसला आधी एकदा माउंट करून लॉग (तिचं जर्नल) चालू द्यावा, एक्सएफएस रिपेअरचा मोठा 'एल' हा पर्याय लॉग पुसून टाकतो, तो अगदी शेवटी. आणि डिस्कमधून खरंच कटकट आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नये, आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमनं कॉपी काढावी.

डिस्क भरल्याच्या तक्रारीतही गंमत असते. डीएफ ही कमांड जागा दाखवतेय तरी 'जागा नाही' असं येत असेल तर आयनोड (प्रत्येक फाइलमागं लागणारी नोंद) संपलेले असू शकतात, लाखो बारक्या फायली साठल्या की होतं हे. शिवाय ईएक्सटी4 मुळात 5 टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, 1 टीबीत ती 50 जीबी होते.

सीमाभागात आणखी एक अडचण येते, नावांची. इथं एकाच फोल्डरात मराठी आणि कन्नड दोन्ही नावांच्या फायली असतात. लिनक्सच्या या फाइल सिस्टीमांत नावाची हद्द 255 बाइटांची, आणि यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं काय किंवा कन्नडचं काय, प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजून. म्हणजे फक्त 85 चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसवर हद्द वेगळ्या मोजणीची, तिथं तीच नावं आरामात बसतात, म्हणून सभेच्या ठरावाचं लांबलचक नाव दिलेली फाइल सर्व्हरवर कॉपी करताना अडते आणि लोक डिस्कला नावं ठेवतात. ईएक्सटी4 च्या लेबलला, म्हणजे फाइल सिस्टीमला दिलेल्या नावाला, तर 16 बाइटच आहेत, 'बेळगाव' लिहायला 18 लागतात. मग रेल्वे स्टेशनचा कोड बीजीएम टाकून भागवायचं. फक्त लेबलवरून माउंट करत असाल तर दोन डिस्कांना तेच नाव देऊ नका. क्लोन केलेल्या (हुबेहूब कॉपी काढलेल्या) डिस्कचा तर यूयूआयडीही तोच राहतो, आणि मूळ डिस्क माउंट असताना एक्सएफएस तिची क्लोन माउंट करायला सरळ नकार देते, तेव्हा 'नोयूयूआयडी' हा पर्याय द्यावा लागतो.