सिसिलीतले ज्यू लोहार आणि 1492 चा हुकूम

मध्ययुगातला ज्यू म्हटलं की डोळ्यासमोर सावकारच येतो. उत्तर युरोपात बऱ्याच ठिकाणी तसं झालंही, कारण तिथल्या कारागिरांच्या गिल्ड, म्हणजे धंद्याच्या संघटना, कुठल्यातरी ख्रिश्चन संताच्या नावाने चालायच्या, शपथाही तशाच, मग ज्यू माणसाला आत घेणार कोण? पण भूमध्य समुद्राकडे चित्र पार वेगळं होतं.

बाराव्या शतकात तुदेलाचा बेंजामिन हा ज्यू प्रवासी ग्रीसमधल्या थीब्जला गेला, तिथे 2000 ज्यू आहेत आणि रेशमी कापडाच्या कामात अख्ख्या ग्रीसमध्ये त्यांचा हात धरणारं कोणी नाही असं त्याने लिहून ठेवलंय. त्याच थीब्जवर 1147 मध्ये इटलीजवळच्या सिसिली बेटाचा राजा दुसरा रॉजर याच्या आरमाराने धाड टाकली आणि मालासोबत विणकरच उचलून सिसिलीतल्या पालेर्मो शहरात नेले, त्यात ज्यूही होते.

पुढे 1487 मध्ये इटलीतल्या बेर्तिनोरोचा रब्बी (ज्यू धर्मगुरू) ओबादिया पालेर्मोला थांबला होता, त्याचं वडिलांना लिहिलेलं पत्र मिळालं तर नक्की वाचा. शहरात ज्यूंची 850 घरं, सगळी एकाच रस्त्यावर, आणि बहुतेक गरीब कष्टकरी, म्हणजे तांबट, लोहार, हमाल. छातीवर सोन्याच्या नाण्याएवढा लाल कापडाचा तुकडा लावायची सक्ती, कपडे फाटके म्हणून ख्रिश्चन लोक तुच्छ लेखायचे, वर राजाची वेठबिगार, जहाजं किनाऱ्यावर ओढायची, बांध घालायचे. वाचताना खरंच गलबलून येतं.

आणि पाचच वर्षांनी, जून 1492 मध्ये, स्पेनचा राजा फर्डिनांड (सिसिलीही तेव्हा त्याच्याच ताब्यात होती) याचा ज्यूंना हाकलण्याचा हुकूम सिसिलीत जाहीर झाला. तेव्हा खुद्द तिथल्या अधिकाऱ्यांनीच राजाला कळवलं की इथले जवळपास सगळे कारागीर ज्यू आहेत, हे एकदम गेले तर घोड्यांना नाल कोण ठोकणार, शेतीची अवजारं कोण घडवणार, जहाजांचं लोखंडी काम कोण करणार, आणि दुसरे मिळाले तरी ते अव्वाच्या सव्वा पैसे मागतील. मला यात माणुसकीपेक्षा अडचणच जास्त दिसते, पण म्हणूनच हा पुरावा इतका पक्का वाटतो.

राजाने फक्त मुदत थोडी वाढवली. जानेवारी 1493 मध्ये त्यांना बेट सोडावं लागलं, बरेच जण समोरच्या नेपल्सच्या राज्यात गेले, काही ऑटोमन तुर्कांच्या मुलखात, आणि काहींनी धर्म बदलून तिथेच आपलं काम चालू ठेवलं.