जुन्या ड्राइव्हला कोणती सीडी पचते?

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत अजूनही अशी मशीन सापडतात, ज्यांच्या शेजारचा कॉम्प्युटर विंडोज ९८ वर चालतो. तो बदलायचा तर आतलं कार्ड आणि सॉफ्टवेअरही बदलावं लागतं, म्हणून चालतंय तोवर कुणी हात लावत नाही. विंडोज ९८ ला पेनड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो, त्यामुळे फाइल न्यायला सीडीच बरी. मग ऑफिसात छान चाललेली सीडी तिथं घातली की दिवा लुकलुकतो, ड्राइव्ह दोन-तीनदा घरघरतो आणि पडद्यावर येतं, ‘डिव्हाइस इज नॉट रेडी’. बहुतेक वेळा ड्राइव्ह ठणठणीत असतो. चुकलेली असते ती सीडी.

ड्राइव्हला समजतो तो फक्त परत आलेला प्रकाश. कारखान्यात छापलेली सीडी लेसरचा निदान ७० टक्के प्रकाश परत पाठवते. सीडी-आरमध्ये, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीत, धातूच्या थराखाली रंगद्रव्य असतं. लेसरनं ते जिथं भाजलं जातं, तिथून प्रकाश कमी परततो. बाकी पृष्ठभाग छापील सीडीच्या जवळपास जातो, म्हणून जुने ड्राइव्हही तिला सहसा घेतात. पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूचं तसं नाही. तिच्यातला मिश्रधातू स्फटिक आणि अस्फटिक अशा दोन रूपांत फिरतो आणि प्रकाश परततो जेमतेम १५ ते २५ टक्के. एवढा फिका संकेत मोठा करून घेणारं सर्किट जुन्या ड्राइव्हमध्ये नसतंच. ते असावं अशी अट १९९७ च्या ‘मल्टिरीड’ मानकानं घातली. त्याआधीच्या ड्राइव्हपुढे आरडब्ल्यू धरूच नये.

पहिल्या पिढीच्या डीव्हीडी ड्राइव्हची गंमत उलटी. सीडीच्या लेसरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीच्या लेसरची ६५०. सीडी-आरचं रंगद्रव्य ७८० साठी बेतलेलं. ६५० चा प्रकाश ते गिळून टाकतं. त्यामुळे एकच लेसर असलेल्या त्या ड्राइव्हना आरडब्ल्यू दिसायची, साधी सीडी-आर मात्र नाही. आणि नुसत्या सीडी ड्राइव्हला डीव्हीडी कधीच वाचता येत नाही, हे सांगायची वेळ अजूनही येते.

सीडी योग्य घेतली तरी लिहिताना घोटाळा होतो. आजच्या विंडोजमध्ये कोरी सीडी घातली की दोन पर्याय येतात. पहिला, ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’, आधीच निवडलेला असतो आणि तोच घात करतो: तो यूडीएफ या फाइल-मांडणीची नवी आवृत्ती वापरतो, जी विंडोज ९८ ला कळत नाही. दुसरा पर्याय घ्या. बर्निंगचं वेगळं सॉफ्टवेअर असेल तर आणखी चांगलं. त्यात आयएसओ ९६६० ही जुनी फाइल-मांडणी निवडून ‘फायनलाइज’वर (म्हणजे सीडी कायमची बंद करण्यावर) खूण करा. सेशन, म्हणजे एका खेपेचं लेखन, उघडं राहिलं तर जुना ड्राइव्ह सीडी कोरी समजतो, आणि दोनतीन सेशन असतील तर कधीकधी पहिलंच दाखवतो. फाइलचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत, जास्तीत जास्त आठ अक्षरं आणि टिंबापुढे तीन, एवढंच. मशीन डॉसवर असेल तर याला पर्याय नाही. मराठी नावं टाळा, विंडोज ९८ मध्ये देवनागरीची सोय नाही.

‘सगळ्यात कमी वेगानं लिहा’ हा सल्ला सर्रास मिळतो, पण तो अर्धाच खरा. ५२एक्सच्या, म्हणजे मूळ वेगाच्या ५२ पट वेगानं लिहिता येणाऱ्या सीडीचं रंगद्रव्य जलद लिहिण्यासाठी बनवलेलं असतं. ४एक्सवर ते नीट उमटेलच असं नाही. १६एक्स ठेवा. ८० मिनिटांची सीडी काठोकाठ भरू नका. लेखन आतून बाहेर जातं, आणि जुने ड्राइव्ह अडखळतात ते बाहेरच्या कडेलाच. ५००–६०० एमबीवर थांबलेलं बरं. लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ करा, म्हणजे लिहिलेलं मूळ फाइलशी ताडून घ्या. मग खालची बाजू उजेडात तिरकी धरा: मधल्या भोकापासून जिथवर लिहिलंय, तिथवर वेगळ्या छटेचा पट्टा दिसतो. अख्खी बाजू एकाच रंगाची असेल तर काहीच लिहिलं गेलेलं नाही.

एवढं करूनही अडलं, तर आधी छापील सीडी घालून बघा. तीही चालली नाही, तर बहुधा ड्राइव्हच्या लेन्सवर धूळ असते. वर्कशॉपमध्ये तर असतेच. कॉम्प्युटर बंद करा, ड्राइव्ह काढून वरचं झाकण उघडा, कापसाच्या काडीला थेंबभर आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून लेन्स अलगद पुसा. दाबू नका, ती नाजूक स्प्रिंगवर असते. थिनर अजिबात नको, लेन्स प्लॅस्टिकची असते. छापील चालते पण सीडी-आर नाही, असं असेल तर लेसर बहुधा थकत आलाय. दुसऱ्या कंपनीची सीडी-आर लावून बघा, रंगद्रव्य बदललं की कधीकधी जमतं.

लिहिलेली सीडी मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मराठवाड्यातल्या ४२ अंशांच्या उन्हात बंद गाडी भट्टी होते, सीडी वाकते आणि रंगद्रव्यही उतरतं. जपायची ती वरची, नाव लिहायची बाजू. तिथं लाखेच्या पातळ थराखालीच माहिती असते. खालून मात्र सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिकचं कवच आहे. म्हणून नाव लिहायला बॉलपेन नको, मऊ टोकाचा मार्कर घ्या.