दृश्य मर्ज साधने

एकाच फाइलच्या दोन आवृत्त्यांतला फरक शेजारी-शेजारी दाखवणारे आणि गिटमधला (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतला) मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन बदल एकत्र करताना एकाच जागी होणारी टक्कर, सोडवायला मदत करणारे सॉफ्टवेअर. ते निवडताना सर्वांत आधी एक गोष्ट पाहावी: दोन्ही बदलांपूर्वीची मूळ प्रत, म्हणजे बेस, ते दाखवते का?

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) यादी घ्या. मूळ ओळ ‘उस्मानाबाद,८’; आठ म्हणजे तालुके. २०२३ च्या नामांतरानंतर एका ब्रँचने, म्हणजे कामाच्या एका स्वतंत्र शाखेने, ती ‘धाराशिव,८’ केली. दुसरीने त्याच ओळीला मुख्यालयाचा पिनकोड जोडला: ‘उस्मानाबाद,८,४१३५०१’. इथे गिट थांबते. कुठलीही एक बाजू जशीच्या तशी घेतली की दुसरीचा बदल बुडतो. हवी असलेली ओळ ‘धाराशिव,८,४१३५०१’ आहे. बेस समोर नसेल, तर जुने नाव मुद्दाम परत आणले की ते आधीपासूनच होते, हे कळत नाही.

केडिफ३ आणि पी४मर्ज ही मोफत साधने बेससह तिन्ही प्रती व खाली निकाल अशा चार चौकटी दाखवतात. नवशिक्याने यांतलेच एक घ्यावे. मेल्ड वापरायला सुटसुटीत आहे, पण त्यात बेस मधल्या चौकटीत उघडतो आणि निकालही तिथेच घडतो, म्हणून दुरुस्ती करताच मूळ ओळ नजरेआड होते. विनमर्ज फक्त विंडोजवर चालते. बियाँड कम्पेअर विकत घ्यावे लागते आणि त्यातला तिहेरी मर्ज केवळ प्रो आवृत्तीत मिळतो.

साध्या मर्जमध्ये ‘लोकल’ म्हणजे आपली बाजू. रिबेसमध्ये, म्हणजे आपले कमिट (नोंदवलेले बदल) दुसऱ्या ब्रँचवर नव्याने चढवताना, बाजू उलटतात: ‘लोकल’ म्हणजे ज्या ब्रँचवर आपण कमिट चढवतो ती आणि ‘रिमोट’ म्हणजे आपले स्वतःचे काम. सवयीने लोकल निवडणाऱ्याचे स्वतःचेच बदल जातात.

मराठी मजकुरात आणखी एक अडचण येते. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तरी साधन ओळ बदललेली म्हणून रंगवते. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर साठवण्याच्या वेगवेगळ्या रूपांना एका ठरावीक रूपात आणणारी पद्धत) हा फरक मिटवत नाही. सगळ्या फाइली आधी एकाच रूपात आणून त्याचा वेगळा कमिट करावा. त्यात दुसरा कुठलाही बदल मिसळू नये. ओळशेवटाच्या चिन्हांमुळे पूर्ण फाइल रंगली तरीही हेच करावे.

मर्जचा कमिट करण्यापूर्वी ‘गिट डिफ --चेक हेड’ चालवावे; राहून गेलेल्या कॉन्फ्लिक्टच्या खुणा ते दाखवते. मात्र दुसऱ्या एखाद्या फाइलमध्ये ‘उस्मानाबाद’ हे नाव किल्ली (नोंद शोधण्याची खूण) म्हणून वापरले असेल, तर तिथे कॉन्फ्लिक्ट येतच नाही आणि प्रोग्रॅम चालवल्यावर जिल्हा सापडत नाही. असे नाव बदलले की पूर्ण प्रकल्पात शोध घ्यावा लागतो.