कलम म्हणजे संकर नव्हे

हापूसचं कलम रायवळाच्या, म्हणजे बियांपासून वाढणाऱ्या गावठी आंब्याच्या रोपावर बांधतात, म्हणून ते दोघांचा संकर असणार, असं कोकणातसुद्धा अनेकांना वाटतं. तसं अजिबात नाही.

कोय कलम कसं बांधतात ते बघा. पावसाळ्यात रायवळाचा बाठा, म्हणजे कोय, रुजून तांबूस कोंब वर येतो. तो छाटून मधोमध चिरतात, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. जखम भरते, मुळांचं पाणी वर चढू लागतं, पण पेशी ज्याच्या त्याच्याच राहतात. जोडाच्या वर हापूस, खाली रायवळ. जोडाखालून फुटवा आला तर तो रायवळाचाच. वेळीच काढला नाही तर वरची काडी मागे पडते. परागकणांचा इथे संबंधच येत नाही. हे अलैंगिक प्रजनन, त्यामुळे वरचं झाड जनुकांनी मातृवृक्षाची, म्हणजे ज्याची काडी घेतली त्या झाडाची, प्रतच. चव तीच येते, आणि साका होण्याची, म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होण्याची खोडही.

संकर होतो तो मोहोरात. आंब्याच्या पेशीत 40 गुणसूत्रं असतात. त्यांतली 20 परागकणातून येतात, 20 स्त्रीबीजातून. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, 1981 साली तो प्रसारित झाला. त्यात साका होत नाही, ही केवढी मोठी सोय! पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून पातळ कोयीचा ‘सिंधू’ आला. त्याची निम्मी जनुकं थेट हापूसची, शिवाय रत्नामार्फत आलेली वेगळी. मात्र एकाच आईबापांच्या दोन बाठ्यांत वाटणी सारखी पडत नाही, त्यामुळे खूप रोपं वाढवून त्यांतलं एखादंच निवडावं लागतं.

मग शेजारच्या नीलमचे पराग हापूसच्या फुलावर पडले तर फळाची चव बदलेल का? गर आईच्याच पेशींचा असतो, त्यामुळे तो हापूसच राहतो. सरमिसळ होते ती बाठ्यातल्या बीमध्ये. अस्सल देवगड हापूसचा बाठा परसात लावूनही हुबेहूब हापूस मिळत नाही तो यामुळेच.

कोकमाच्या बाबतीत तर हा फरक थेट उत्पन्नावर येतो. रातांब्याची, म्हणजे कोकमाची, नर आणि मादी झाडं वेगळी. बियांपासून लावलेलं रोप कोणतं, हे फुलं येईपर्यंत कित्येक वर्षं कळत नाही. मादी झाडाच्या काडीचं कलम मात्र मादीच.

रत्ना संकरित असला तरी त्याची लागवड कलमानेच करायची. रोप घेताना खोडावर जोड दिसतोय ना, हे आधी बघा. रत्नाचा बाठा रुजवून केलेलं रोप रत्ना नसतं.