कमानीला आधार देणारी पादत्राणे : आजच्या गोंधळामागची पार्श्वभूमी

पायाच्या कमानीला आधार देणाऱ्या पादत्राणांचा इतिहास दवाखान्यांपेक्षा सैन्यभरतीच्या मैदानांनी जास्त घडवला आहे. सपाट पायाच्या माणसाला लांबचे चालणे झेपत नाही, असे भरती करणाऱ्यांनी धरून चालले. डॉक्टरांनी ते उचलून धरले, बूटवाल्यांनी त्यावर धंदा उभा केला आणि शेवटी ते आईबापांच्या डोक्यात पक्के बसले. चार वर्षांच्या पोराच्या ओल्या पावलाचा ठसा फरशीवर पुरता उमटलेला दिसला की घरात जी घालमेल सुरू होते, तिचे मूळ इतके मागे जाते.

त्याआधीचा काळ पटकन उरकण्यासारखा आहे. १७८१ मध्ये एका डच शरीरशास्त्रज्ञाने बुटाचा उत्तम आकार कोणता यावर प्रबंध लिहिला. तेव्हा डाव्या-उजव्या पायांचे बूट बहुधा एकाच सरळ कलबुतावर (बुटाला आकार देणाऱ्या पावलाच्या साच्यावर) चढवले जात आणि घालून घालून ज्या त्या पायाचे होत. १८५० नंतर झुरिकच्या एका शरीरशास्त्रज्ञाने मांडले की टाचेच्या मध्यातून निघून अंगठ्यातून जाणारी रेघ बुटातही सरळच राहिली पाहिजे. बोटांचे हाल तिथून कमी होऊ लागले. कमानीचा विचार मात्र वेगळ्या वाटेने आला.

त्या वाटेवरच्या दोन वस्तू अजून टिकून आहेत. पहिली लिव्हरपूलच्या एका अस्थितज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी टाच. आपल्याकडे केसपेपरवर ‘सी अँड ई हील’ (क्रुकेड अँड एलाँगेटेड, म्हणजे वाकडी आणि लांबवलेली टाच) असे लिहून देतात, ती हीच. कारागीर बुटाची जुनी टाच उचकटतो. नवी बसवताना तिची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा चारेक सूत (सुमारे अर्धा इंच) पुढे काढतो आणि खाली पाचर घालून आतून एक-दोन सूत उचलतो. बूट वरून जसाच्या तसा दिसतो, पण आत कलणारी टाच थोडी बाहेर ढकलली जाते. शंभर-सव्वाशे वर्षांत यापेक्षा स्वस्त आणि दुरुस्त करायला सोपे काही निघालेले नाही.

दुसरी वस्तू पोलादी पत्र्याची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या एका शल्यविशारदाने पावलाचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यावर पत्रा ठोकून घडवायला सुरुवात केली. त्याच्या वळवलेल्या कडा पाय आत कलला की टोचत, म्हणजे माणूस आपणहून पाय बाहेरच्या अंगावर टाकी. स्नायूंना कामाला लावणे हा त्यामागचा हेतू होता. पुढे टोचणाऱ्या कडा गेल्या आणि मऊ उशी तेवढी राहिली. शिकागोत बुटांच्या दुकानात काम करता करता वैद्यक शिकलेल्या एका तरुणाने १९०४ मध्ये कमानीचा तयार आधार बाजारात आणला. जर्मनीतल्या एका चर्मकार घराण्याने त्याच सुमारास पावलाच्या वळणाचा लवचिक तळ काढला. इथून पुढे कमानीचा आधार मापे घेऊन बनवायची वस्तू राहिली नाही. तो दुकानात टांगलेल्या पाकिटात मिळू लागला.

आता लष्कर. १९१२ मध्ये अमेरिकी लष्कराने नवे कलबूत स्वीकारले. त्यामागे सुमारे दोन हजार सैनिकांच्या पायांची पाहणी होती. माप घेताना सैनिकाच्या पाठीवर चाळीस पौंडांचे ओझे चढवायचे आणि सगळा भार एका पायावर टाकायला लावायचा. ओझ्याखाली पाऊल जेवढे पसरते, तेच खरे माप. नवे बूट मिळाले की ते घालून पाण्यात उभे राहायचे आणि पायातच सुकेपर्यंत चालायचे. या सगळ्यात भर होता तो पावलाला पसरायला जागा देण्यावर, कमान वर ढकलण्यावर नव्हे. इतकी शहाणी सुरुवात झाली असताना दोनच वर्षांत महायुद्ध पेटले आणि भरतीच्या रांगांत सपाट पायावरून माणसे परत पाठवली जाऊ लागली. घाईच्या तपासणीत पाय किती चालतो हे पाहायला वेळ नसतो. कसा दिसतो, ते मात्र क्षणात कळते.

या समजुतीला पहिला मोठा धक्का लष्करातूनच बसला. कॅनडाने साडेतीन हजारांहून जास्त सैनिकांचे पाय तपासून १९४७ मध्ये अहवाल काढला. नुसती खाली बसलेली पण लवचिक कमान हे दुबळेपण नाही. असा पाय म्हणजे निरोगी पायाचाच एक आकार. त्रास होतो तो दोन वेगळ्या प्रकारांत. एकात पावलातली हाडे एकमेकांना सांधली गेल्याने पाय ताठ होतो, दुसऱ्यात पिंढरीचा स्नायू आणि टाचेमागची शीर (कंडरा) आखूड असते. एकाच ठशाखाली तीन निराळे पाय दडलेले असतात, हे त्या अहवालाने स्पष्ट सांगितले. पादत्राणे बनवणाऱ्यांनी तो तेव्हाच मनावर घेतला असता तर पुढची चाळीस वर्षे वाचली असती.

पुढची चाळीस वर्षे झाले ते असे. मूल चालायला लागले, पाय सपाट दिसला, की घोट्यापर्यंत लेसचे जड बूट, कडक तळ, आतून उंच टाच आणि कमानीखाली उशी. मूल दहा वर्षांचे होईतो कमान आलेली असे आणि श्रेय बुटाला मिळे. तान्ह्या मुलाचा तळवा चरबीने भरलेला असतो, सांधे सैल असतात. कमान पहिल्या आठ-दहा वर्षांत हळूहळू दिसू लागते, हे बाजूला पडले. १९८७ मध्ये अमेरिकेत सर्व वयांच्या ४४१ निरोगी माणसांची ८८२ पावले मोजली गेली. लहानपणी सपाट पाय हा नेहमीचाच आणि मोठेपणीही निरोगी कमानीची उंची कितीतरी कमी-जास्त असते, असे त्यातून पुढे आले.

मग १९८९ चा तो प्रयोग. लवचिक सपाट पाय असलेली १२९ लहान मुले घेतली आणि त्यांचे चार गट केले. एकाला काहीच दिले नाही, दुसऱ्याला सुधारक बूट, तिसऱ्याला टाचेची वाटी, चौथ्याला साच्यावर बनवलेला प्लास्टिकचा आतला तळ. ९८ मुले शेवटपर्यंत राहिली. तीन वर्षांनी क्ष-किरणांत चारही गटांची कमान सुधारलेली दिसली आणि चौघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ज्यांना काही दिले नव्हते त्यांचे पायही तितकेच सुधारले. १९९८ मध्ये आणखी एक बाजू पुढे आली. लहानपणी असे बूट घातलेल्या प्रौढांना विचारले तेव्हा चिडवणे आणि वेगळे पडणे यांच्या आठवणी त्यांच्यात जास्त निघाल्या.

भारतातून आलेले काम या वादात सर्वांत मोलाचे आहे आणि आपल्याकडेच ते सर्वांत कमी सांगितले जाते. कर्नाटक किनारपट्टीवरच्या डॉक्टरांनी चार ते तेरा वयाच्या २३०० मुलांचे ठसे घेतले. पादत्राणे घालणाऱ्यांत सपाट पायाचे प्रमाण ८.६ टक्के आणि अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. चप्पल-सँडलवाल्यांपेक्षा पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते जास्त. ही पाहणी १९९२ मध्ये छापून आली. १९९५ मध्ये १८४६ प्रौढांची पाहणी आली. सहा वर्षांच्या आत बूट घालू लागलेल्यांत ३.२४ टक्के, सोळा वर्षांनंतर सुरुवात केलेल्यांत १.७५ टक्के. याने बुटामुळेच पाय सपाट होतो असे सिद्ध होत नाही, हे मान्य. सांध्यांची सैलता आणि वजन यांचाही हात असतो. पण वाढत्या पायाला बुटात डांबून कमान घडवण्याचा दावा ज्यांना करायचा आहे, त्यांच्याकडे या आकड्यांना उत्तर नाही.

याचा अर्थ आधाराची पादत्राणे फोल, असा कोणी काढू नये. ताठ पाय, दुखरा पाय, मेंदूच्या विकाराने ताठरलेले स्नायू असलेले मूल, चाळिशीनंतर घोट्यामागची शीर झिजून खचत गेलेली कमान, यांना योग्य आधार मिळाला तर चालणे बदलते. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या प्रयोगशाळेतून आलेला, टाचेला तिन्ही बाजूंनी धरणारा प्लास्टिकचा खोल तळ आजही त्यासाठी दिला जातो. बुटाने कमान बनत नाही, पण दुखणाऱ्या कमानीवरचा भार तो वाटून घेऊ शकतो. वाद या दोन वाक्यांमधल्या अंतराचा आहे आणि जाहिराती नेमके तेच अंतर पुसतात.

कमान स्वतः कशी उचलली जाते हे १९५४ मध्ये एका ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने दाखवले. उभे राहून अंगठा हाताने वर उचला. तळव्याखालची पट्टी ताणते आणि कमान डोळ्यांदेखत वर येते. पाऊल टाकताना टाच उचलली की हेच घडते. म्हणून ज्या बुटाचा तळ बोटांच्या मुळाशी वाकत नाही, किंवा ज्याची उशी तळव्याखालच्या पट्टीत रुतते, तो आधार देता देता पायाचे स्वतःचे काम अडवतो. तपासणीतही हीच युक्ती कामाला येते. अंगठा उचलल्यावर कमान आली तर पाय लवचिक आहे.

सत्तरच्या दशकात धावण्याचे वेड आले, पाठोपाठ इव्हीए नावाचा हलका फोम आला आणि आतल्या बाजूला जास्त कडक फोम घातलेले बूट ‘सपाट पायासाठी’ म्हणून विकले जाऊ लागले. दुकानात ठसा पाहायचा, त्यावरून बूट ठरवायचा, ही पद्धत रूढ झाली. पुन्हा लष्करानेच ती तपासली. २००९-१० मध्ये अमेरिकेच्या भूदल, हवाईदल आणि मरीन अशा तिन्हींच्या प्रशिक्षणार्थींत एका गटाला ठशाप्रमाणे बूट दिले, दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. त्याआधी १९८५ मध्ये इस्रायलच्या २९५ प्रशिक्षणार्थींत कमी कमानीच्या पायांत ताणामुळे होणारे हाडांचे तडे कमीच दिसले होते. उंच कमानीचा पाय ताठ असतो, धक्का कमी जिरवतो. त्याला उशी लागते, पण त्याच्याकडे भरतीत कोणी बघत नाही.

आपल्या भरतीची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. अधिकारी प्रवेशाच्या वैद्यकीय निकषांत स्पष्ट लिहिले आहे की चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान परत दिसत असेल, चवड्यांवर उड्या मारता आणि धावता येत असेल आणि पाय लवचिक व न दुखणारा असेल, तर उमेदवार पात्र. निमलष्करी दलांच्या शिपाई भरतीच्या जाहिरातीत मात्र गुडघे जुळलेले नसावेत, सपाट पाय नसावेत, अशी एक ओळ असते. पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळणारी गावोगावची पोरे वाचतात ती हीच ओळ. ‘मेडिकलला उडालो’ हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना वाईट वाटते, कारण त्यातल्या कित्येकांनी धावण्याची चाचणी वेळेत मारलेली असते. या धास्तीवर कमानीच्या उशा खपतात. तपासणी अनवाणी पायांची होते आणि उशी काढली की पाय होता तसाच असतो.

दुसरा गोंधळ ‘एमसीआर’ (मायक्रोसेल्युलर रबर) चपलेचा. १९४६ नंतर वेल्लोरमध्ये कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम सुरू झाले. ज्याला खडा टोचलेला कळत नाही त्याच्या तळव्याला जखमा होऊ नयेत म्हणून बारीक छिद्रांचे मऊ रबर वापरात आले. वर मऊ रबर, खाली न भेदला जाणारा कडक तळ, टाचेमागे पट्टा. खिळा एकही नाही, सगळे डिंकाने आणि शिलाईने. रबर बरोबर आहे की नाही हे अंगठा आणि तर्जनीत दाबून पाहतात. जाडी निम्म्यावर आली पाहिजे. विचारपूर्वक केलेल्या रचनेचा हा नमुना आहे. पुढे मधुमेहींसाठी तीच चप्पल योग्य ठरली. पण आज टाचदुखी आणि सपाट पाय यांच्यासाठीही ‘डॉक्टर चप्पल’ म्हणून तिच्यासारखी दिसणारी मऊ चप्पल दिली जाते. दाब पसरवणे हे तिचे काम. आत कलणाऱ्या पायाला धरून ठेवणे तिच्या रचनेतच नाही, आणि सगळीकडून मऊ तळ असा पाय आणखी आत जाऊ देतो.

टाचदुखीसाठी साच्यावर बनवलेला महाग तळ घ्यावा की तयार, याचेही उत्तर बरेच मिळाले आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १३५ रुग्णांवरच्या चाचणीत दोन्हींनी सुरुवातीच्या महिन्यांत थोडा आराम दिला. वर्षानंतर फरक उरला नाही. साध्या दुखण्यात आधी तयार तळ घ्यावा, हे माझे मत त्यावरच उभे आहे.

अलीकडची सर्वांत महत्त्वाची घडामोड मापांची. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांची पावले त्रिमितीय यंत्रांनी मोजली. त्यावरून ‘भ’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. आपले पाऊल युरोपीय मापांच्या बुटांना रुंद पडते. चवडा दाबला जातो म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो. बूट लांब झाला की त्यातली कमानीची उशीही पुढे सरकते आणि जिथे कमान आहे तिथे न लागता चवड्याच्या मागे टोचते. ‘आर्च सपोर्टने पाय जास्तच दुखायला लागले’ अशी तक्रार येते तेव्हा आधी बुटाचा नंबर बघावा.

याच सुमारास, २०२३ मध्ये, महाराष्ट्र सरकारने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या मोजे मोफत द्यायचे ठरवले. तेव्हा रक्कम ठरली प्रति विद्यार्थी १७० रुपये. काटे, विंचू, कृमी यांपासून पाय वाचलेच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण हे बूट वाढत्या वयाच्या मुलांच्या पायांत दिवसाचे सहा तास असतात आणि बहुतेक वेळा ते पुढून निमुळते आणि बंद असतात. खरेदीच्या अटींत रंग असतो, साहित्य असते. चवड्यापाशी रुंदी किती आणि तळ बोटांच्या मुळाशी वाकतो का, या दोन अटी तिथे घातल्या तर खर्च फारसा वाढणार नाही, आणि मुलांची मापे तर आता देशात मोजून झालेली आहेत.